सोलापूरचे टॉवेल परदेशी पाठवताना: कुरिअर, विमान, टपाल की जहाज?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत आपला घरचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे आणि आजवर माल व्यापाऱ्यांमार्फतच परदेशी गेला. आता हॅम्बुर्गच्या एका दुकानदाराने आपल्याला थेट आठ खोक्यांची पहिली मागणी दिली असून, माल पसंत पडल्यास पुढे शंभर खोक्यांची बोलणी आहेत. शिवाय रेपियर मागांचे काही सुटे भाग तैवानहून आपल्याच नावाने मागवायचे आहेत. या कामासाठी सर्वांत स्वस्त कुरिअर कंपनी कोणती आणि तिच्याकडे थेट खाते उघडावे की एजंटामार्फत जावे, असे आपण विचारले आहे. निर्यातीची कागदपत्रे आणि मालाची वाहतूक हाच माझा सोलापुरातील व्यवसाय असल्याने हे उत्तर जरा सविस्तर देतो.

सर्वांत स्वस्त कंपनी कोणती हे खोक्याचे माप घेतल्याशिवाय सांगता येत नाही. डीएचएल, फेडएक्स, यूपीएस किंवा अरामेक्स यांपैकी कोणाचाही दर किलोमागे सांगितला जातो, पण तो किलो काट्यावरचा असेलच असे नाही. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांच्या गुणाकाराला 5000 ने भागले की जो आकडा येतो, ते त्या खोक्याचे घनफळाचे वजन. ते आणि प्रत्यक्ष वजन यांपैकी जे जास्त असेल त्यावर बिल होते. यंत्राच्या सुट्या भागांना या हिशेबाने फरक पडत नाही. टेरी टॉवेल मात्र फुगीर माल आहे, आणि सोलापूरच्या नव्या निर्यातदाराचा नफा बहुतेक वेळा याच ठिकाणी गळतो.

प्रत्यक्ष आकडे मांडून पाहू. 70 बाय 140 सेंटिमीटरचा, 450 जीएसएमचा (चौरस मीटरला 450 ग्रॅम भरणारा) टॉवेल साधारण 440 ग्रॅम भरतो. 60 बाय 40 बाय 40 सेंटिमीटरच्या खोक्यात असे चाळीस टॉवेल नीट दाबून बसले, तर मालाचे वजन साडेसतरा किलोच्या वर जाते आणि खोके व पिशव्या धरून ते सुमारे 18.6 किलो होते. घनफळाचे वजन येते 19.2 किलो. म्हणजे दोन्ही आकडे जवळजवळ जुळतात आणि आपण हवेचे भाडे भरत नाही. त्याच खोक्यात बत्तीसच टॉवेल सैल भरले तर माल चौदा किलोचा आणि बिल 19.2 किलोचे. आता पॅकिंग टेबलाजवळ काय घडते ते पाहा. चाळीस टॉवेल जरा वर येतात म्हणून कामगार खोक्याच्या झाकणावर गुडघा ठेवून टेप मारतो. खोके बंद होते, पण त्याचे पोट चारही बाजूंनी बाहेर येते. कुरिअरच्या केंद्रात खोक्याचे माप यंत्राने घेतले जाते आणि ते यंत्र सर्वांत बाहेर आलेला बिंदू धरते. 60 चे 63, 40 चे 42 आणि उंचीचे 44 झाले, की घनफळाचे वजन 23.28 किलो होते. आठ खोक्यांवर हा फरक बत्तीस किलोंहून अधिक आहे, आणि हे पैसे कोणी मागून घेत नाही. महिनाअखेरीच्या बिलात वजनदुरुस्ती म्हणून ते लागतात. तोपर्यंत ग्राहकाला दर कळवून झालेला असतो. त्यामुळे पाच पदरी, ताठ पुठ्ठ्याचे खोके घ्या, घडीचे माप खोक्याच्या आतल्या मापाशी जुळवून बसवा आणि खोके टेप मारल्यावर, एक रात्र ठेवल्यानंतर पुन्हा मोजा. टॉवेल रात्रीतून थोडा फुलतो.

हवा काढून पॅकिंग करण्याचा सल्लाही आपल्याला मिळेल. त्याने घनफळ बरेच घटते हे खरे, पण टेरीचे फासे दबतात आणि टॉवेल धुऊन वाळवेपर्यंत तो दुकानात पातळ व मेलेला दिसतो. ग्राहक हॉटेलला पुरवणारा असेल तर त्याला चालेल, दुकानाच्या मांडणीवर ठेवणारा असेल तर नाही. त्याला आधी विचारावे.

आपल्या आठ खोक्यांचा मार्ग कोणता, हे आता ठरवता येईल. प्रत्यक्ष वजन सुमारे 149 किलो आहे. एक्स्प्रेस कुरिअरने दारापासून दारापर्यंत हे आठवडाभरात पोहोचेल, जर्मनीतील सीमाशुल्काचे सोपस्कारही कंपनीच करील, पण या वजनाला तो सर्वांत महाग मार्ग आहे. दुसरा मार्ग म्हणजे फॉरवर्डरमार्फत, म्हणजे विमानात किंवा जहाजात मालासाठी जागा मिळवून देणाऱ्या मध्यस्थामार्फत, साधे हवाई कार्गो. तिथे घनफळाचा भाजक 6000 असतो, म्हणून आपल्या खोक्याचे घनफळाचे वजन 16 किलोच येते आणि बिल प्रत्यक्ष वजनावर होते. विमानाच्या दराचे टप्पे सहसा 45, 100, 300 आणि 500 किलोंवर बदलतात, त्यामुळे 149 किलो माल शंभर किलोंच्या वरच्या दरात बसतो. मात्र हा दर विमानतळ ते विमानतळ असतो. सोलापूरहून मुंबईचा ट्रक, सीमाशुल्क दलालाची फी, टर्मिनलचा खर्च हे आपल्याकडे, आणि हॅम्बुर्गमध्ये माल सोडवून दुकानापर्यंत नेणे ग्राहकाकडे. हे सगळे मिळवून मगच एक्स्प्रेसच्या दराशी तुलना करावी. माझ्या अनुभवात साठ-सत्तर किलोंपर्यंत एक्स्प्रेस आणि शंभर किलोंच्या पुढे हवाई कार्गो परवडते, मधल्या पट्ट्यात दोन्ही दर मागवावे लागतात.

तिसरा मार्ग समुद्राचा, आणि इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. पूर्ण कंटेनर न घेता इतरांच्या मालाबरोबर आपला माल पाठवण्याच्या एलसीएल सेवेत भाडे घनमीटरवर असते आणि किमान एक घनमीटरचे बिल होते. आपले एक खोके 0.096 घनमीटरचे आहे, आठ खोकी 0.77 घनमीटरची. म्हणजे भाडे भरायचे एका घनमीटरचे आणि जवळजवळ पाव जागा रिकामी जाऊ द्यायची. दहा खोकी 0.96 घनमीटर होतात. ग्राहकाला स्पष्ट लिहावे की आठऐवजी दहा खोकी घेतल्यास समुद्राच्या भाड्यात वाढ होणार नाही. व्यापार कळणारा दुकानदार हे ऐकतोच, आणि आपण खर्चाचा विचार त्याच्या बाजूनेही करतो हे त्याला दिसते. पुढची शंभर खोकी 9.6 घनमीटर होतील, तीही एलसीएलनेच जावीत. तेरा-चौदा घनमीटरच्या पुढे वीस फुटी पूर्ण कंटेनरचा भाव जरूर मागवावा. त्याच्या आत सुमारे 33 घनमीटर जागा असली तरी खोक्यांच्या रचनेमुळे 26 ते 28 घनमीटरच हाती लागते, म्हणजे आपली 270 ते 290 खोकी.

वेळेचा हिशेब मात्र जुन्या आठवणींवर करू नये. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर डिसेंबर 2023 पासून बहुतेक मोठ्या जहाज कंपन्यांनी युरोपची जहाजे सुएझऐवजी केप ऑफ गुड होपला वळसा घालून नेली आणि प्रवासात दहा ते चौदा दिवसांची भर पडली. एलसीएलमध्ये न्हावा शेव्याला कंटेनर भरण्याची आणि तिकडे तो रिकामा करून माल वेगळा करण्याची वेळ आणखी धरावी लागते. सोलापूरच्या दारातून हॅम्बुर्गच्या दुकानापर्यंत सात ते आठ आठवडे धरून चला. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, म्हणजे संक्रांतीच्या आगेमागे, आपल्याकडे कामगार सुट्टीवर असतात, आणि नेमके त्यानंतर वसंताच्या विक्रीसाठी युरोपातील दुकाने माल मागतात. त्या हंगामाचा माल डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात गोदामाबाहेर पडलेला असावा.

टपालाचा मार्ग आपल्या आठ खोक्यांसाठी नाही, पण पुढेमागे एकेक-दोनदोन टॉवेल थेट घरगुती ग्राहकांना विकायचे ठरवले तर तो मोलाचा आहे. भारतीय टपाल खात्याच्या डाकघर निर्यात केंद्रांत निर्यातीचे टपाल बिल ऑनलाइन भरता येते, मुंबईला कोणाला पाठवावे लागत नाही आणि लहान पाकिटांचा दर एक्स्प्रेसच्या तुलनेत बराच कमी असतो. पार्सलचे कमाल वजन देशागणिक वेगळे असते आणि माग काढण्याची माहिती काही देशांत अर्धवट मिळते. अमेरिकेच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी. 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलला असलेली शुल्कमाफी त्या देशाने 29 ऑगस्ट 2025 पासून सर्व देशांसाठी बंद केली, आणि त्या गोंधळात आपल्या टपाल खात्यालाही तिकडची बहुतेक पार्सले काही आठवडे थांबवावी लागली होती. ज्यांचा सगळा धंदा त्या एका मार्गावर होता त्यांचा माल अडकला. म्हणून लहान निर्यातदाराने दोन मार्ग चालू स्थितीत ठेवावेत, असे मी आग्रहाने सांगतो.

आता खात्याबद्दल. वर्षातून चार-पाच नमुने पाठवणाऱ्याने एजंटामार्फत जावे, कारण एजंटाची मोठी उलाढाल असते आणि त्याला मिळणारी सूट आपल्याला थेट मिळणार नाही. दरमहा नियमित पार्सले सुरू झाली की मात्र थेट खाते असावे, आणि त्याचे कारण दरापेक्षा मोठे आहे. एजंटाच्या खात्यावरून गेलेल्या पार्सलमध्ये पाठवणारा म्हणून कोणाचे नाव गेले, सीमाशुल्काकडे कोणते बिल भरले गेले, हे पुष्कळदा आपल्याला कळतच नाही. दावा करायची वेळ आली की कंपनी फक्त खातेदाराशी बोलते. खाते उघडताना विक्री प्रतिनिधी एकूण सुटीची टक्केवारी सांगतो, ती ऐकून समाधान मानू नये. आपण म्हणावे की माझा माल जर्मनीला जातो, वीस किलोंच्या आसपासची खोकी असतात, त्या क्षेत्राचा आणि त्या वजनाचा अंतिम दर लेखी द्या. इंधन अधिभार किती आणि तो कधी बदलतो, दूरच्या ठिकाणचा अधिभार सोलापूरच्या आपल्या पिनकोडला लागतो का, पत्तादुरुस्तीला किती आकारतात, हंगामी अधिभार कोणत्या महिन्यांत लावतात, हे सगळे त्याच पत्रात यावे. मूळ दरावर मोठी सूट आणि अधिभारांवर शून्य सूट अशी रचना सर्रास असते.

ग्राहक कधी स्वतःच्या खात्याचा क्रमांक देतो आणि भाडे माझ्याकडून घ्या म्हणतो. हे सोयीचे असते, पण तो क्रमांक बंद निघाला किंवा त्याने पैसे नाकारले तर कंपनीच्या अटींनुसार भाडे पाठवणाऱ्याकडूनच वसूल होते. आयात शुल्काचेही तसेच. माल घेणाऱ्याने शुल्क भरण्यास नकार दिला तर ते बिल फिरून सोलापूरला येते. पहिल्या व्यवहारात तो क्रमांक कंपनीकडून तपासून घ्यावा.

कागदपत्रांत मी सर्वांत जास्त नुकसान पाहिले आहे ते कुरिअरच्या खिडकीवर. पैसे घेऊन विकलेला माल नमुना किंवा भेटवस्तू म्हणून बुक केला जातो, कारण त्यात कागद कमी लागतात. माल पोहोचतो, पैसेही येतात आणि मग बँक विचारते की या रकमेसमोरचे निर्यात बिल कुठे आहे. विक्रीचा माल कुरिअरने जाणार असेल तर सीएसबी-5 हेच कुरिअर निर्यातीचे बिल भरायला सांगावे. त्यासाठी डीजीएफटी म्हणजे परकीय व्यापार महासंचालनालयाकडून मिळणारा आयईसी (आयात-निर्यात क्रमांक), जीएसटी क्रमांक, परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या आपल्या बँक शाखेच्या क्रमांकाची, म्हणजे एडी कोडची नोंद आणि एलयूटी म्हणजे कर न भरता निर्यात करण्याचे हमीपत्र लागते. एलयूटी दर आर्थिक वर्षी नवे भरावे लागते. आयईसीमधील माहिती दरवर्षी एप्रिल ते जून या काळात, काही बदल नसला तरी, पोर्टलवर जाऊन पुन्हा पक्की करावी लागते, अन्यथा तो निष्क्रिय होतो, आणि हे बहुधा माल विमानतळावर पोहोचल्यावरच लक्षात येते. कुरिअरने जाणाऱ्या मालाच्या किमतीची मर्यादा 2023 च्या परकीय व्यापार धोरणात पाच लाखांवरून दहा लाख रुपये करण्यात आली होती, आणि 2026 च्या अर्थसंकल्पात ती काढून टाकण्याची घोषणा झाली. ही मर्यादा, तसेच रोएससीटीएल (निर्यात मालावरचे राज्य व केंद्राचे कर परत देणारी योजना) आणि ड्यूटी ड्रॉबॅक (कच्च्या मालावर भरलेल्या शुल्काचा परतावा) यांसारखे लाभ कुरिअर व टपाल मार्गाला कसे लागू होतात हे नियम अलीकडे झपाट्याने बदलत आहेत, तेव्हा बुकिंगच्या आठवड्यातच दलालाकडून ताजी अधिसूचना पाहून घ्यावी. आपल्या सुती टेरी टॉवेलचा एचएस कोड, म्हणजे मालाचा आंतरराष्ट्रीय वर्गीकरण क्रमांक, 6302 60 ने सुरू होतो. बीजक, पॅकिंग लिस्ट आणि बिल या तिन्हींवर तोच असावा आणि वर्णन नुसते टॉवेल न लिहिता सुती, टेरी, विणलेले, आकार आणि जीएसएम असे पूर्ण असावे. बीजकावर किंमत कमी लिहा अशी विनंती कोणी केली तर ती नम्रपणे पण ठामपणे नाकारा. खोट्या किमतीचे बीजक दोन देशांच्या सीमाशुल्क खात्यांत आणि आपल्या बँकेत एकाच वेळी नोंदले जाते.

ग्राहकाशी ठरलेल्या अटीत, म्हणजे इन्कोटर्ममध्ये, काय लिहिले आहे त्यावर वाहतूक कंपनीचे काम ठरते. आपल्याकडे सवयीने सगळ्याला एफओबी म्हटले जाते. एफओबीत माल जहाजावर चढेपर्यंतची जोखीम आपली असते, पण एलसीएलचा माल आपण न्हावा शेव्याच्या गोदामात देऊन टाकतो आणि पुढे तो जहाजावर केव्हा चढतो यावर आपला काही ताबा नसतो. अशा मालाला एफसीए, म्हणजे ठरलेल्या ठिकाणी माल वाहकाच्या ताब्यात दिला की आपली जोखीम संपते, ही अट योग्य. कुरिअरने दारापर्यंत द्यायचे आणि शुल्क ग्राहकाने भरायचे असेल तर डीएपी लिहावे. डीडीपी, म्हणजे तिकडचे शुल्क आणि कर आपणच भरून देण्याची अट, जर्मनीसाठी स्वीकारू नका. तिथला आयातदार म्हणून नोंदणी आणि व्हॅट यांची गुंतागुंत आपल्या आकाराच्या कारखान्याने अंगावर घेण्याजोगी नाही.

पैशांचा प्रश्नही वाहतुकीच्या कागदाशी बांधलेला आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कुरिअरचे किंवा विमानाचे एअरवे बिल हा मालकीचा कागद नव्हे. माल ज्याच्या नावावर आहे त्याला तो मिळतो, त्याने पैसे दिले की नाही हे कंपनी पाहत नाही. म्हणून हवाई मार्गाच्या पहिल्या मालाचे पूर्ण पैसे आगाऊ घ्यावेत. समुद्राच्या मालाला ऑर्डर बिल ऑफ लेडिंग, म्हणजे मालावरचा हक्क दाखवणारा जहाज वाहतुकीचा कागद, घेऊन मूळ प्रती बँकेमार्फत पाठवल्या, तर पैसे भरल्याशिवाय ग्राहकाला माल सोडवता येत नाही. शंभर खोक्यांच्या व्यवहारात तीस टक्के आगाऊ आणि बाकी बँकेतून कागद सोडवताना, ही रीत दोन्ही बाजूंना मानवते. फॉरवर्डर घाईने टेलेक्स रिलीज (मूळ प्रतींशिवाय माल सोडण्याचा निरोप) करून टाकू का असे विचारील, तेव्हा बँकेत पैसे जमा झाल्याशिवाय होकार देऊ नये.

एलसीएलमधील एका प्रथेविषयी सावध करणे मला गरजेचे वाटते. न्हावा शेव्याहून युरोपचे भाडे नाममात्र, कधी शून्यसुद्धा, सांगणारे फॉरवर्डर आपल्याला भेटतील. तो खर्च ते तिकडच्या बंदरात गोदाम, हाताळणी आणि कागद सोडवण्याचे शुल्क म्हणून ग्राहकाकडून वसूल करतात. आपण खूश होऊन भाड्यासकट भाव देतो, आणि ग्राहकाला हॅम्बुर्गमध्ये मालाच्या किमतीच्या मानाने अवाच्या सवा बिल येते. त्याची पुढची मागणी येत नाही आणि तो कारणही सांगत नाही. आपल्याच ओळखीच्या एका चादर उत्पादकाचा चांगला ग्राहक असाच सुटला. भाव मागवतानाच तिकडच्या खर्चांची घनमीटरनिहाय लेखी यादी मागावी. जो ती देत नाही त्याला माल देऊ नये.

विमा आणि कंपनीची जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीत मॉन्ट्रियल करारानुसार वाहकाची जबाबदारी 28 डिसेंबर 2024 पासून किलोमागे 26 एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक), म्हणजे ढोबळमानाने पस्तीस डॉलरपर्यंत आहे, आणि नुकसान झाल्यास माल हाती आल्यापासून चौदा दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. टॉवेलची किलोमागे किंमत याहून कमी असल्याने विमानात जोखीम मर्यादित आहे. समुद्रात तसे नाही. तिथे आपला माल पूर्ण सुरक्षित असूनही खर्च अंगावर येऊ शकतो. मार्च 2021 मध्ये एव्हर गिव्हन हे जहाज सुएझ कालव्यात अडकले, त्यानंतर जहाजमालकाने जनरल अ‍ॅव्हरेज जाहीर केले, म्हणजे जहाज वाचवण्याचा खर्च त्यावरच्या सर्व मालधन्यांवर वाटला गेला आणि हमी दिल्याशिवाय माल सुटत नव्हता. ज्यांचा सागरी विमा होता त्यांची हमी विमा कंपनीने दिली. बीजकाच्या किमतीच्या 110 टक्के रकमेचा, आणि शक्यतो सर्व जोखमींचा म्हणजे ए क्लॉजचा विमा घ्यावा. सीआयएफ, म्हणजे भाडे व विमा विकणाऱ्याने भरण्याच्या अटीत किमान अपेक्षित असलेला सी क्लॉज पावसाच्या पाण्याने किंवा दमटपणाने खराब झालेल्या टॉवेलला उपयोगी पडत नाही. बिल ऑफ लेडिंगवर खोक्यांची संख्या स्पष्ट लिहून घ्यावी. माल पॅलेटवर असेल आणि नुसते एक पॅलेट असे लिहिले गेले, तर जबाबदारीची नगावरची मर्यादा एका नगाचीच धरली जाण्याची भीती असते. पॅलेट लाकडी असेल तर त्यावर लाकडाला कीडनाशक प्रक्रिया झाल्याचा आयएसपीएम-15 चा शिक्का हवाच.

जून ते सप्टेंबर या काळात दमटपणाचा विचार पॅकिंगपासूनच करावा. सोलापूरची कोरडी हवा फसवते. इथे कोरडा वाटणारा टॉवेल न्हावा शेव्याच्या गोदामात आठवडाभर राहिला की ओल धरतो आणि बंद कंटेनरमध्ये दिवसा तापून रात्री थंड झालेल्या छतावरून थेंब गळतात. टॉवेल पूर्ण वाळवून, थंड करून मगच पिशवीत घालावेत, खोक्याच्या आत मोठी प्लास्टिकची पिशवी आणि ओल शोषणारी पाकिटे असावीत. त्याच वेळी लेबलही तपासावे. युरोपीय संघात धाग्याचे प्रमाण सांगणारे लेबल ज्या देशात विक्री होते त्याच्या भाषेत असणे बंधनकारक आहे, म्हणजे आपल्या बाबतीत जर्मनमध्ये.

तैवानच्या सुट्या भागांकडे वळतो. पंधरा-वीस किलोंचे, छोट्या खोक्यातले, बंद पडलेला माग सुरू करणारे भाग असल्याने एक्स्प्रेस कुरिअर हाच योग्य मार्ग आहे, मागाच्या खोळंब्यापुढे भाड्याचा फरक किरकोळ ठरतो. फक्त तीन बाबी सांभाळाव्या. पार्सल निघण्याआधी कुरिअर कंपनीच्या आयात विभागाला आपला आयईसी, जीएसटी क्रमांक आणि केवायसी कागद पाठवून ठेवावेत आणि बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचे सीमाशुल्क बिल, याच क्रमांकांवर भरावे असे लेखी कळवावे. ते तसे न झाल्यास भरलेला आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) जीएसटीआर-2बी या वजावटीच्या पत्रकात दिसत नाही आणि त्याची वजावट हातची जाते. एचएस कोड आपण स्वतः पुरवठादाराशी ठरवून बीजकावर छापून घ्यावा, कारण घाईत काम करणारा कारकून सुट्या भागांना जो कोड सुचेल तो लावतो. तिसरी बाब मूल्यांकनाची. सीमाशुल्क मालाच्या किमतीत भाडे आणि विमा मिळवून आकारतात, पण हवाई वाहतुकीचे भाडे कितीही असले तरी एफओबी किमतीच्या 20 टक्क्यांहून अधिक धरता येत नाही. दहा हजारांच्या भागावर सहा हजार भाडे पडले, तर शुल्कासाठी दोन हजारच मिळवायचे. बीजकावर एफओबी किंमत आणि भाडे वेगवेगळे दाखवले असेल तरच हा फायदा मिळतो.

किलोमागे एकच दर, शुल्क आणि सीमाशुल्काचे सर्व काम त्यातच, असे सांगणारे परदेशी मालवाहतूकदारही आहेत. ते अनेकांचा माल एकत्र करून दुसऱ्याच कोणाच्या नावाने आणतात. आपल्या हाती ना बिल ऑफ एंट्री येते ना कराची वजावट, आणि चौकशी झाली तर आपल्या कारखान्यात बेहिशेबी आयात माल सापडतो. त्या वाटेला जाऊ नये. पुढे पूर्ण माग किंवा जड यंत्र समुद्राने मागवले, तर जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत बिल ऑफ एंट्री भरायचे असते. उशीर झाल्यास पहिले तीन दिवस रोज 5,000 रुपये आणि त्यानंतर रोज 10,000 रुपये असा आकार लागतो. त्यावर माल बंदरात पडून राहिल्याचे डेमरेज आणि कंटेनर उशिरा परत केल्याचे डिटेन्शन निराळे. जहाज कंपनीशी भाडे ठरवतानाच मोफत दिवस वाढवून मागावेत, माल निघाल्यानंतर ते मिळत नाहीत.

सध्या आपण हॅम्बुर्गच्या दुकानदाराला एक मेल पाठवावा. त्यात बंद केलेल्या खोक्याचे प्रत्यक्ष मोजलेले माप आणि वजन द्या, एक्स्प्रेस, हवाई कार्गो आणि दहा खोक्यांचे एलसीएल असे तीन पर्याय लागणाऱ्या दिवसांसह मांडा, आणि त्याच्याकडून त्याचा ईओआरआय क्रमांक (युरोपीय संघातील आयातदाराचा सीमाशुल्क नोंदणी क्रमांक), माल घेणाऱ्या माणसाचा मोबाइल क्रमांक, दुकानाच्या दारापर्यंत मोठी गाडी येते का आणि माल उतरवून घेण्याची वेळ कोणती, हे मागवून घ्या. ही माहिती आली की त्याच मापांवर दोन कुरिअर कंपन्या आणि दोन फॉरवर्डर यांच्याकडून एकाच दिवशी भाव मागवा, म्हणजे इंधन अधिभार आणि डॉलरचा दर सर्वांना सारखा राहील.